रॉकेलची परात

जुनी गाडी पुन्हा उभी करायची म्हटले की लोक रंगाबद्दल विचारतात. मूळचाच रंग देणार का, बंपरचे क्रोम कुठे करून घेणार, सीटना रेक्झिन लावणार की कापड. ज्या कामात सगळ्यात जास्त वेळ जातो त्याबद्दल मात्र कोणी विचारत नाही. ते काम म्हणजे सुटे केलेले इंजिन धुणे. परातीत रॉकेल, हातात ब्रश, शेजारी काळ्या चिकट लोखंडाचा ढीग आणि दुपारच्या दुपार तेच. आमच्या पनवेलच्या गॅरेजांत हे काम नव्याने आलेल्या पोऱ्याला देतात, कारण त्याला अजून दुसरे काही येत नसते. माझे मत उलटे आहे. इंजिन धुण्याचे काम गॅरेजमधल्या सर्वांत जाणत्या माणसाने करायला हवे.

हे मत मला माझ्या उस्तादांकडून मिळाले. जुन्या मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला त्यांचे पत्र्याचे गॅरेज होते. एक्स्प्रेस-वे २००२ साली पुरा झाला, त्याआधी पुण्याकडे जाणारी गाडी पनवेलवरून खोपोली आणि तिथून बोरघाट अशीच जायची. घाट चढायच्या आधी तेलपाणी बघून घ्यायला गाड्या इथे थांबत, आणि घाटात तापून दमलेल्या गाड्या टोचन लावून इथेच परत येत. त्यामुळे पनवेलमध्ये जे मिस्त्री तयार झाले, ते तापलेल्या इंजिनांवर शिकून तयार झाले. उस्ताद स्वतः परातीशी बसत. गिऱ्हाईक आले तरी उठत नसत. मी घाईने ब्रश चालवायला लागलो की म्हणत, "अरे, घाण काढायची घाई करू नकोस. आधी ती कुठनं आलीय ते बघ."

माझ्याकडे येतात त्या बहुतेक फियाट, म्हणजेच प्रीमियर पद्मिनी. या गाडीचे इंजिन १०८९ सीसीचे, चार सिलिंडरचे. बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५. याच मापांचे इंजिन फियाटने १९३७ साली इटलीत आपल्या ५०८ सी गाडीत बसवले होते. तिच्या रचनेमागे दान्ते जाकोसा हे इंजिनिअर होते. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली सुरू केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट बांधायला घेतल्या. १९६४ साली ११०० डिलाइट आली, सत्तरच्या दशकात तिचेच नाव पद्मिनी झाले, आणि शतक संपेपर्यंत हे इंजिन कुर्ल्यातून बाहेर पडत राहिले. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी कागदावर उतरलेले इंजिन आपल्या मुंबईच्या टॅक्सींनी एकविसाव्या शतकात आणून सोडले. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तीही रस्त्यावरून उतरली.

तारखा सांगितल्या त्या धुण्याशी संबंध आहे म्हणून. या इंजिनाचा जन्म झाला तेव्हाची तेले आजच्यासारखी नव्हती. आजच्या इंजिन ऑइलमध्ये काजळी आणि गाळ सुटा करून तेलातच तरंगत ठेवणारी रसायने असतात. तेल बदलले की तो गाळ तेलाबरोबर निघून जातो. जुन्या साध्या तेलात गाळ खाली बसायचा. तेलाच्या चेंबरच्या तळाशी, टॅपेट कव्हरच्या आत, टायमिंग चेनच्या खोबणीत वर्षानुवर्षे बसत जायचा. आता अशा इंजिनात कोणी न धुता नवे चांगले तेल ओतले, तर ते तेल आपले काम चोख करते: बसलेला सगळा गाळ सोडवते. तो सुटलेला गाळ तेलपंपाच्या जाळीत जाऊन अडकतो, बेअरिंगला तेल मिळेनासे होते, आणि इतकी वर्षे चाललेले इंजिन भारीतले ऑइल घातल्यावर महिनाभरात बसते. मग दोष ऑइलला दिला जातो. जुन्या इंजिनाची धुलाई ही हौस किंवा टापटीप नाही. त्याच्या पुढच्या आयुष्याची ती पहिली अट आहे.

एका गाडीबद्दल सविस्तर सांगतो. जुन्या पनवेलमधल्या एका निवृत्त शिक्षकांची पद्मिनी. २६ जुलै २००५ च्या पुरात गाढी नदी गावात शिरली तेव्हा ही गाडी अंगणात उभी होती आणि पाणी सीटपर्यंत चढले होते. पुरानंतर कोणीतरी ऑइल बदलून ती चालू करून दिली, थोडी वर्षे ती चाललीही, आणि मग बंद पडली ती कायमची. सरांची मुलगी खारघरला राहते, संगणकाच्या क्षेत्रात नोकरी करते. वडिलांना त्याच गाडीत बसवून एकदा कर्नाळ्यापर्यंत न्यायचे, एवढे तिच्या मनात होते. इंजिन उतरवले त्या शनिवारी ती आली आणि म्हणाली, "काका, मी नुसती उभी राहू का? की मलाही काही करता येईल?" मी तिला रबरी हातमोजे दिले आणि परातीशी बसवले.

धुण्याची पहिली पायरी कोरडी असते. भाग सुटा झाला की तो लगेच रॉकेलमध्ये बुडवायचा नाही. पुशरॉड, टॅपेट, व्हॉल्व्ह ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने पुठ्ठ्याला भोके पाडून त्यात खोचायचे. प्रत्येक टॅपेट आपल्या कॅमच्या घाटावर वर्षानुवर्षे घासून बसलेला असतो; अदलाबदल झाली तर दोन्ही नव्याने झिजायला लागतात. त्यानंतर घाणीकडे बघायचे. इंजिनाच्या बाहेर जिथे धूळ जाड आणि ओली असते तिथून तेल गळत असते. कोरडी धूळ असेल तर ते गॅस्केट ठीक असते. एकदा धुतले की हा नकाशा कायमचा पुसला जातो. म्हणून मी पोऱ्यांना सांगतो, आधी खडूने खुणा करा, मोबाइलमध्ये फोटो काढा, मग ब्रश उचला.

दुसरी पायरी वेगळे करण्याची. बिडाचे एकीकडे, ॲल्युमिनियमचे दुसरीकडे. पद्मिनीचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे आहे, म्हणून हे फार महत्त्वाचे. बिडाला कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात उकळले तर ते झक्क स्वच्छ होते, आणि अनेक लेथवाल्यांकडे तशी टाकी असते. त्याच टाकीत ॲल्युमिनियम गेले तर सोडा ते खाऊन टाकतो. बुडबुडे येतात ते हायड्रोजनचे; ठिणगी पडली तर पेटणारा वायू. बाहेर काढलेले हेड काळवंडलेले आणि खरबरीत झालेले असते, त्याचे सपाट तोंड गेलेले असते. पद्मिनीचे चांगले हेड आज सहज मिळत नाही. ॲल्युमिनियमला रॉकेल किंवा त्याच्यासाठी बनवलेले सौम्य डिग्रीझर, नायलॉनचा किंवा पितळेचा ब्रश, आणि साठलेला कार्बन खरवडायला बांबूची चपटी कांब. लोखंडी पट्टी नाही. पिस्टनच्या रिंगांच्या खाचा साफ करायला बाजारातले अवजारही लागत नाही. जुनी रिंग मोडायची आणि तिच्याच तुकड्याच्या टोकाने खाच खरवडायची. माप नेमके तेच असते, खाचेची कड दुखावत नाही.

आता सरांच्या गाडीत काय निघाले ते.

चेंबर उघडले तेव्हा तळाशी जाड काळा गाळ होता. ते अपेक्षितच होते. पण इतका गाळ आणि तोही साबणासारखा मऊ, याचा अर्थ इंजिन बराच काळ थंडच चालले असणार. वरच्या बाजूला थर्मोस्टॅटचे घर उघडले तर आत थर्मोस्टॅट नव्हता. आपल्याकडे ही जुनी पद्धत आहे. घाटात गाडी तापते, म्हणून मिस्त्री थर्मोस्टॅट काढून फेकून देतात. गाडी तापायची कारणे बहुधा दुसरीच असतात, ती तशीच राहतात. आणि इंजिन मात्र रोजच्या छोट्या फेऱ्यांत कधी पुरते तापतच नाही. न जळलेले पेट्रोल आणि वाफेचे पाणी तेलात उतरते आणि त्याचा असा मऊ गाळ बनतो. हे निदान मला कोणत्याही यंत्राने सांगितले नाही. ते ब्रशाखाली आले.

तापण्याचे खरे कारण ब्लॉकमध्ये सापडले. ब्लॉकच्या बाजूला वाटीसारखे पत्र्याचे प्लग असतात, ते काढले की आतल्या पाण्याच्या वाटा दिसतात. शेवटच्या सिलिंडरच्या मागे, जिथे पाणी सगळ्यात संथ असते, तिथे गंज आणि क्षाराची इतकी घट्ट भर झाली होती की तार आत जाईना. रेडिएटरमध्ये कोणी बोअरवेलचे पाणी घालते, कोणी घाटातल्या ओढ्याचे. ते उकळते, वाफ जाते, क्षार राहतो. कूलंट न घालणाऱ्या गाड्यांच्या पोटात हे हमखास सापडते. आम्ही ती भर वाकवलेल्या जाड तारेने फोडली, पाण्याच्या जोराने काढली, पुन्हा फोडली. सरांच्या मुलीने ते काम सोडले नाही. तिच्यासमोर त्या भोकातून गंजाचे खपले पडत होते आणि तिने एवढेच विचारले, "म्हणजे बाबा खंडाळ्याला थांबून बोनेट उघडायचे ते याच्यामुळे?" याच्यामुळेच.

मग क्रँकशाफ्ट. याच्या पोटात तेल वाहून नेणारी भोके असतात, आणि ती बाहेरच्या बाजूने प्लगने बंद केलेली असतात. क्रँक मिनिटाला हजारो वेळा फिरतो, त्यामुळे तेलातला जो जड कण असेल तो बाहेरच्या बाजूला फेकला जाऊन या भोकांच्या टोकाशी दाबून बसतो. बाहेरून कितीही धुतले तरी तो निघत नाही. प्लग काढलाच पाहिजे. काढला. आत काळा, मेणासारखा कडक गाळ होता, आणि तो टोच्याने काढताना मधेच एक तपकिरी थर लागला. बोटाला कचकच लागत होती. ती माती होती. पुराचे पाणी चेंबरमध्ये शिरले तेव्हा गाढीने आणलेली माती. ऑइल बदलताना पाणी निघून गेले, माती राहिली, आणि तेलाबरोबर फिरत फिरत ती क्रँकच्या पोटात येऊन बसली. तिच्यावर पुन्हा काळा थर. नंतर बेअरिंगचे शेल धुऊन उन्हात धरले तेव्हा त्यांवर बारीक समांतर चरे दिसले. इंजिन बंद का पडले याचे उत्तर तिथे होते.

माझ्याकडच्या नव्या पोऱ्याला मी हे शेल दाखवले. इतके दिवस तो भाग धुऊन ठेवून देत होता. त्या दिवसापासून तो धुतलेला प्रत्येक भाग उजेडात फिरवून बघायला लागला. कामगार आणि कारागीर यांच्यातला फरक मला तिथेच पडताना दिसला, आणि असा बदल घडवायची संधी गॅरेजमधले दुसरे कोणतेही काम देत नाही.

हेडबद्दल थोडे. त्याच्या जळणाऱ्या भागात वर काळी काजळी आणि तिच्याखाली फिकट करडा, घट्ट थर होता. तो करडा थर शिशाचा. देशभरात शिसेयुक्त पेट्रोल १ फेब्रुवारी २००० पासून बंद झाले, त्याआधी चाललेल्या इंजिनांत तो अजून मिळतो. असा थर कोरड्या वायर ब्रशने कधी घासू नये. त्याची धूळ श्वासातून आत जाते. रॉकेलने ओला ठेवून खरवडावा, तोंडाला मास्क लावावा, चिंध्या वेगळ्या ठेवाव्यात. जुन्या गॅस्केटांचेही तसेच. त्यांत ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून तीही ओली करूनच सोडवायची.

हेड स्वच्छ झाल्यावर उस्तादांनी शिकवलेली तपासणी केली. रॉकेलमध्ये हेड रात्रभर ठेवायचे, काढून फडक्याने आणि मग हवेने अगदी कोरडे करायचे, आणि त्यावर खडूची बारीक पूड स्पिरिटमध्ये कालवून पातळ हात द्यायचा. स्पिरिट उडून जाते, पांढरा थर राहतो. कुठे भेग असेल तर तिच्यात शिरलेले रॉकेल हळूहळू बाहेर झिरपते आणि पांढऱ्यावर ओली रेघ उमटते. जगभरच्या रेल्वे वर्कशॉपांत पूर्वी चाकांच्या आणि आसांच्या भेगा तेल आणि खडूने अशाच शोधत. आज यासाठी लाल रंगाचे स्प्रे मिळतात आणि ते जास्त बारीक भेग दाखवतात. पण ज्याच्याकडे ते नाहीत त्याच्या हाताशी खडू आणि रॉकेल असतेच. सरांच्या हेडवर दोन व्हॉल्व्हच्या मधल्या जागेत एक केसाएवढी रेघ उमटली. ते हेड गेले.

दुसरे हेड कुर्ल्याहून आणले. जिथे ही इंजिने बनली त्याच कुर्ल्याच्या भंगार बाजारात, मोडीत निघालेल्या टॅक्सींचे भाग आज मिळतात. पण ते येतात काजळी आणि ग्रीसच्या थराखाली झाकून. विकणारा म्हणतो ओके आहे, आणि त्यालाही खरे तर माहीत नसते. म्हणून माझा नियम असा की भंगारातला भाग तिथेच, गाडीवर चढवायच्या आधी, निदान फडक्याने आणि थोड्या रॉकेलने पुसून बघायचा. पुसू न देणाऱ्याकडून घ्यायचा नाही.

कार्बोरेटरचे धुणे हे वेगळे शास्त्र आहे. वाटीत साठून राहिलेल्या पेट्रोलचा तांबूस, लाखेसारखा थर होतो आणि तो रॉकेलला दाद देत नाही, त्याला थिनर किंवा कार्बोरेटर क्लीनर लागतो. जेटमध्ये स्टीलची तार घालू नये. जेटचे भोक पितळेचे, तार स्टीलची. भोक अदृश्यपणे मोठे होते आणि मग गाडी आयुष्यभर पेट्रोल जास्त पिते. हवा मारावी, फार तर वायरीतली तांब्याची एक बारीक काडी चालवावी. आता एक नवी अडचण आली आहे. पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉल जुन्या टाकीतला साठलेला थर विरघळवून खाली आणते, हवेतला ओलावा ओढून घेते आणि जुन्या रबराला फुगवते. म्हणून आम्ही टाकी आणि पेट्रोलची नळीसुद्धा धुतो, आणि पंपाचा पडदा व रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घालतो. त्याशिवाय कार्बोरेटर धुण्याला अर्थ नाही.

शेवटचे धुणे रॉकेलचे नसते, ही गोष्ट फार जण विसरतात. रॉकेल स्वतः एक पातळ थर मागे ठेवते आणि बारीक कण त्यात चिकटून राहतात. ब्लॉक बोअर करून आला की त्याच्या भिंतींवर घासण्याच्या दगडाची पूड असते. ती फक्त गरम पाणी, भांड्यांचा साबण आणि ब्रश यांनीच निघते. पांढरे फडके बोअरमध्ये फिरवायचे आणि ते पांढरेच बाहेर येईपर्यंत धुवायचे. आणि मग पनवेलच्या हवेशी शर्यत लागते. खाडी जवळ, पावसाळा लांब. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत धुतलेल्या उघड्या बिडावर बघता बघता तांबूस झाक चढते. म्हणून पाणी ओतायच्या आधीच हवेची नळी आणि तेलाचा डबा हाताशी ठेवतो. एकाने हवा मारायची, दुसऱ्याने लगेच तेलाचा हात फिरवायचा, आणि सगळे प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवायचे. हे काम एकट्याने करू नये.

आगीबद्दलही सांगायलाच हवे. पुष्कळ गॅरेजांत अजून पेट्रोलने भाग धुतात, कारण ते झटकन सुकते. पेट्रोलची वाफ शून्याखाली चाळीस अंशांनाही पेट घेऊ शकते. म्हणजे आपल्याकडे ते बारा महिने पेटायला तयारच असते. रॉकेलला साधारण अडतीस अंश लागतात. त्यावरून रॉकेल निर्धास्त वाटते, पण मे महिन्यात पत्र्याखाली पारा चाळीसच्या घरात जातो तेव्हा तो फरक संपतो. म्हणून उन्हाळ्यात आम्ही सकाळी लवकर धुतो, पंखा आणि विजेचे बटण लांब ठेवतो, जवळ वाळूची बादली असते. शक्य तिथे आता पाण्यात मिसळणारे डिग्रीझर वापरतो. ते साठ-सत्तर अंशांच्या गरम पाण्यात चांगले काम करते आणि पेटत नाही.

पेट्रोलने हात धुणारी मुले बघितली की मला राग येतो. पेट्रोलमध्ये बेंझिन असते, आणि ते रक्ताच्या कर्करोगाला कारण होते हे वैद्यकशास्त्राने केव्हाच सिद्ध केले आहे. जळक्या ऑइलमध्येही कर्करोगकारक द्रव्ये असतात. आमच्या पिढीच्या मिस्त्रींचे हात बघा: भेगा, काळे झालेले नखांचे कोपरे, बरा न होणारा खाजरा इसब. याला आम्ही अनुभवाची खूण मानत आलो. ती खूण नाही, ती इजा आहे, आणि हातमोज्याने टळते. हातमोजे आणि हात धुण्याचे जेल यांचा खर्च मी बिलात वेगळा लिहितो. गिऱ्हाईक विचारते तेव्हा समजावून सांगतो. आजवर कोणी तो द्यायला नाही म्हटलेले नाही.

आणि मग परातीतले काळे रॉकेल. सगळे भाग धुऊन होतात तेव्हा हे उरते. बहुतेक ठिकाणी ते गटारात ओतले जाते. पनवेलचे गटार गाढी नदीत जाते, गाढी खाडीला मिळते, आणि खाडीच्या काठी कांदळवन आहे, मासे धरून जगणारी कोळी माणसे आहेत. आपल्या तालुक्याने नदीचे हाल पुरेसे पाहिले आहेत. २०१७ च्या ऑगस्टमध्ये तळोज्यात निळे कुत्रे दिसले, त्यांचे फोटो जगभर छापून आले. कारखान्यातला रंग कासाडी नदीत जात होता आणि अंग थंड करायला पाण्यात उतरलेली कुत्री निळी होऊन बाहेर येत होती. प्रदूषण नियंत्रण मंडळाला तो कारखाना बंद करावा लागला. त्या वेळी गॅरेजवाले आम्ही सगळे कारखान्यांना नावे ठेवत होतो. पण तेलाचा तवंग रंगासारखा फोटोत उठून दिसत नाही, म्हणून तो कमी वाईट ठरत नाही. पाण्यावर पसरलेला तेलाचा पापुद्रा हवा आत जाऊ देत नाही, आणि खालचा जीव गुदमरतो.

रॉकेल लगेच टाकून द्यायचे नसते, हे एक साधे उत्तर आहे. वापरलेले रॉकेल झाकणाच्या डब्यात ओतून काही दिवस स्थिर ठेवले की गाळ तळाशी बसतो आणि वरचे रॉकेल पहिल्या धुण्याला पुन्हा वापरता येते. स्वच्छ रॉकेल फक्त शेवटच्या हातासाठी. तळाचा गाळ, जळके ऑइल आणि तेलकट चिंध्या वेगवेगळ्या डब्यांत. जमिनीवर सांडलेल्यावर वखारीतून आणलेला लाकडाचा भुसा टाकायचा आणि तो भरून त्याच चिंध्यांच्या डब्यात. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेले ऑइल घातक कचऱ्यात मोडते आणि ते परवानाधारक पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्यायला हवे. प्रत्यक्षात पनवेल, उलवे, खारघर भागात इतकी बांधकामे चालू असतात की जळके ऑइल सेंट्रिंगच्या फळ्यांना लावायला लोक दारात येऊन विकत मागतात. तिथून ते पावसात धुऊन पुन्हा मातीत आणि नाल्यातच जाते. म्हणून मी ते त्यांना देत नाही. आमच्यापासून काही किलोमीटरवर तळोजा एमआयडीसीत घातक कचऱ्याची शास्त्रीय विल्हेवाट लावणारे केंद्र आहे. एकेका लहान गॅरेजचा एवढासा माल उचलायला गाडी येणे परवडत नाही. पण एका रस्त्यावरच्या गॅरेजांनी एकत्र पिंप भरले तर परवडते. महापालिका २०१६ साली झाली, गॅरेजांची वस्ती त्याच्या किती तरी आधीपासून आहे. प्रभागात एक पिंप ठेवण्याची जागा आणि महिन्यातून एकदा ते उचलण्याची सोय, एवढे महापालिकेने केले तर गटारात जाणारे पुष्कळ तेल थांबेल.

सरांची गाडी चालू झाली. नवे बेअरिंग शेल, कुर्ल्याचे हेड, पुन्हा बसवलेला थर्मोस्टॅट, रेडिएटरमध्ये कूलंट. पहिल्यांदा सुरू करण्याआधी स्पार्क प्लग काढून इंजिन नुसते फिरवले, तेलाचा दाब आलेला बघितला, मगच ठिणगी दिली. पहिले तेल थोड्या किलोमीटरनंतर काढून पांढऱ्या ताटलीत ओतून बघितले. त्यात कचकच नव्हती. एका रविवारी सर आणि त्यांची मुलगी कर्नाळ्याला जाऊन आले आणि गाडी कुठे तापली नाही.

बारा तास परातीशी बसले तर बारा तासांची मजुरी मी बिलात लावतो, आणि ती लेथवाल्याच्या मजुरीइतकीच लावतो. केंद्राच्या २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना विंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळू लागली आहे, त्यामुळे जुन्या फियाटी उभ्या करून घेणारे पुढे वाढतीलच. त्यांना माझे एवढेच सांगणे आहे: गॅरेजवाल्याला दोन प्रश्न आधी विचारा. इंजिन कोण धुणार, आणि धुतलेले रॉकेल कुठे जाणार. दोन्हींची सरळ उत्तरे मिळाली तरच किल्ली हातात द्या, आणि जमले तर धुण्याच्या दिवशी स्वतः जाऊन बसा.